ब्राउझरमधला गेम लागत नाही? आधी प्रॉक्सी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात नेटबद्दलची तक्रार बहुतेक एकाच वाक्यात येते: "नेट हाय, यूट्यूब चालतंय, पण गेम लागंना." अर्धं निदान या वाक्यातच आहे. यूट्यूब चालतंय म्हणजे केबलवाल्याची लाइन शाबूत आहे, राउटर ठीक आहे, वाय-फायही आहे. अडलंय ते तुमचा ब्राउझर आणि गेमचा सर्व्हर यांच्या मध्ये कुठेतरी. तिथे सगळ्यात जास्त वेळा सापडते ती प्रॉक्सी, म्हणजे तुमचं नेट स्वतःमार्गे फिरवणारा मधला सर्व्हर. कॉलेजच्या लॅबसाठी कधीतरी टाकलेली, फुकटच्या व्हीपीएनने काढून टाकतानाही मागे ठेवलेली, किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून "पिंग कमी होतो" (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ घटतो) म्हणून बसवलेली. गेम जोडायला म्हणून लोक प्रॉक्सी लावतात, आणि गेम अडतो तो बहुतेक वेळा त्याच प्रॉक्सीमुळे.

हा लेख ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमसाठी आहे: लीचेस किंवा चेस डॉट कॉमवरचं बुद्धिबळ, स्लिदर डॉट आयओ, क्रंकर आणि तसले बाकीचे. मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करायच्या आज्ञाही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

यूट्यूब चालतं, मग गेम का नाही?

व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो. पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात, एखादा तुकडा हुकला तर ब्राउझर तो परत मागतो आणि तुम्हाला कळतही नाही. गेमचं तसं नाही. तिथे वेबसॉकेट नावाची जोडणी उघडते. सुरुवात साध्या सुरक्षित वेबपानासारखी, त्याच ४४३ पोर्टवर होते. सर्व्हर १०१ या क्रमांकाचं उत्तर देतो आणि तिथून पुढे ती लाइन डाव संपेपर्यंत उघडी राहते. पत्रव्यवहार आणि चालू फोन यांत जो फरक, तोच इथे. मध्ये बसलेली प्रॉक्सी पत्रं इकडची तिकडे करते, पण फोन धरून ठेवायची तिची तयारी असेलच असं नाही. काही प्रॉक्सींना वेबसॉकेट कळत नाही, काहींना कळतं पण थोडा वेळ शांतता झाली की त्या लाइन कापतात. काही गेम वेबआरटीसी नावाची दुसरी थेट जोडणी वापरतात, आणि तिचा डेटा शक्यतो यूडीपीने, म्हणजे पोहोचल्याची पावती न मागणाऱ्या पद्धतीने जातो. साधी एचटीटीपी (वेबपानांची) प्रॉक्सी यूडीपी पुढे पाठवूच शकत नाही.

पहिली पायरी: बिघाड कुणाच्या घरात आहे ते ठरवा

सेटिंग्जना हात लावण्याआधी या चार चाचण्या करा. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. ही पायरी गाळून थेट "कॅशे साफ कर, राउटर रिसेट कर" सुरू केलं की काय केल्याने काय झालं ते कळेनासं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तोच गेम उघडा. तिथेही लागत नसेल तर बहुधा सर्व्हरच बंद आहे. थांबा, दुसरं काही करू नका.

२. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर जोडा. आता गेम लागला तर लॅपटॉप निर्दोष आहे, दोष घरच्या वाय-फायमध्ये किंवा लाइनमध्ये. हॉटस्पॉटवरही लागला नाही तर दोष लॅपटॉपमध्येच. विंडोजमध्ये हाताने टाकलेली प्रॉक्सी कुठल्याही नेटवर लागू राहते, म्हणून ही चाचणी फार बोलकी आहे.

३. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) आपोआप बंद असतात आणि जुन्या कुकी नसतात. इथे गेम लागला तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या डेटाचा.

४. फायरफॉक्समध्ये बघा. क्रोमच्या ऐवजी एज उघडून उपयोग नाही, कारण दोन्ही एकाच इंजिनावर चालतात आणि दोन्ही विंडोजचीच प्रॉक्सी वापरतात. फायरफॉक्सला स्वतःची वेगळी प्रॉक्सी सेटिंग ठेवता येते, त्यामुळे तिथे "नो प्रॉक्सी" निवडून केलेली तुलना खरी.

स्क्रीनवरचा मजकूर वाचा

क्रोम करड्या पानावर खाली बारीक अक्षरांत कारण लिहितो. बहुतेक जण ते न वाचताच रिफ्रेश मारतात. सुरुवातीला बहुधा ईआरआर असतं, पुढचे शब्द महत्त्वाचे.

"प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड": तुमच्या मशीनमध्ये प्रॉक्सीचा पत्ता टाकलेला आहे, पण त्या पत्त्यावर कुणीच नाही. हॉस्टेलचा लॅपटॉप सुट्टीत घरी आणला की हमखास हेच. "टनेल कनेक्शन फेल्ड": प्रॉक्सी सापडली, पण गेमच्या सर्व्हरपर्यंत वाट करून द्यायला तिने नकार दिला. ४०७ हा आकडा दिसला तर प्रॉक्सी तुमच्याकडे नाव आणि पासवर्ड मागते आहे.

"नेम नॉट रिझॉल्व्ड" किंवा "एनएक्सडोमेन" म्हणजे डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेची) अडचण, किंवा पत्ता टाइप करताना चूक. "सर्ट डेट इनव्हॅलिड" दिसलं तर मशीनचं घड्याळ बघा. "सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड" मात्र गंभीरपणे घ्या: बहुधा मध्ये कुणीतरी तुमची सुरक्षित जोडणी उघडून बघतंय. ते अँटिव्हायरस असेल, ऑफिसचं फायरवॉल असेल किंवा फुकटची प्रॉक्सी असेल. "तरीही पुढे जा" दाबून तिथे पासवर्ड टाकू नका. "ब्लॉक्ड बाय क्लायंट" हे अ‍ॅडब्लॉकरचं काम. ४२९ म्हणजे त्या आयपीवरून (नेटवरच्या तुमच्या आकडी पत्त्यावरून) फार विनंत्या गेल्या. ५०२, ५०३, ५०४ हे सर्व्हरच्या बाजूचे आकडे, त्यात तुमच्या हातात काही नाही.

प्रॉक्सी काढायची कशी

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, मग "नेटवर्क अँड इंटरनेट", मग "प्रॉक्सी". तिथे तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही बघायच्या.

सगळ्यात वर "ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज". नेटवर्कवर प्रॉक्सी आहे का, हे विंडोज स्वतः शोधतं. घरी ती बंद ठेवली तरी काही बिघडत नाही.

त्याखाली "यूज सेटअप स्क्रिप्ट". कॉलेज आणि कंपन्या इथे एका फाइलचा पत्ता देतात, ती फाइल कुठल्या साइटला कुठल्या वाटेने जायचं ते ठरवते. घरी बंद करा, पण त्याआधी पत्त्याचा फोटो काढून ठेवा, सोमवारी परत लागेल. "यूट्यूब चालतं पण गेम नाही" हा प्रकार या स्क्रिप्टमुळेही होतो: काही साइट थेट जातात, बाकीच्या आता हाती न लागणाऱ्या प्रॉक्सीकडे.

शेवटी "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर". चालू असेल तर आतला पत्ता वाचा. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल आणि पोर्ट ३१२८ किंवा ८०८० असेल तर ती लॅबची किंवा ऑफिसची. (३१२८ हा स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा मूळचा पोर्ट.) पत्ता १२७.०.०.१ असेल तर प्रॉक्सी तुमच्याच मशीनमधल्या एखाद्या प्रोग्रामची आहे. तो प्रोग्राम काढून टाकला असेल आणि सेटिंग मागे राहिली असेल, तर एकही पान उघडणार नाही. बंद करा, सेव्ह दाबा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

इथे एक चूक वारंवार होते. कुणीतरी सॉक्स या वेगळ्या प्रकारच्या प्रॉक्सीचा पत्ता देतो, पोर्ट बहुधा १०८०, आणि तो या चौकटीत टाकला जातो. ही चौकट एचटीटीपी प्रॉक्सीसाठी आहे. सॉक्सचा पत्ता इथे तसाच टाकून चालत नाही. दोन्हींची बोलण्याची रीतच वेगळी.

विंडोज ७ वर कंट्रोल पॅनेल, "इंटरनेट ऑप्शन्स", "कनेक्शन्स" आणि "लॅन सेटिंग्ज" या वाटेने जा. विंडोज ७ वर क्रोमची १०९ हीच शेवटची आवृत्ती चालते, त्यापुढची येत नाही. नवे गेम तिथे अडले तर प्रॉक्सीला दोष देऊ नका.

फायरफॉक्समध्ये "सेटिंग्ज", "जनरल", अगदी तळाला "नेटवर्क सेटिंग्ज", तिथे "नो प्रॉक्सी".

क्रोममधल्या व्हीपीएन एक्स्टेन्शनकडेही बघा. ती विंडोजची सेटिंग न बदलता क्रोमपुरती प्रॉक्सी लावतात, त्यामुळे विंडोजमध्ये सगळं साफ दिसतं आणि गेम तरीही जर्मनीतल्या फ्रँकफर्टमार्गे फिरत असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "सिस्टिम" विभागात गेलात की एखादं एक्स्टेन्शन प्रॉक्सी चालवत असल्यास त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं आणि शेजारी "डिसेबल" असतं.

अँड्रॉइड फोनवर तीन जागा आहेत. वाय-फायच्या नावाशेजारचं गिअर दाबा, बदल करायच्या पानावर "अ‍ॅडव्हान्स्ड" उघडा, "प्रॉक्सी" समोर "नन" हवं. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" बघा: तिथे जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसचं नाव टाकलं असेल तर "ऑटोमॅटिक" करून बघा, कारण काही गेम जाहिरात उतरल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. मोबाइल डेटावरच अडचण असेल तर एपीएनमध्ये (सिमच्या नेटजोडणीच्या सेटिंगमध्ये) "प्रॉक्सी" आणि "पोर्ट" हे रकाने रिकामे असावेत. आयफोनवर वाय-फायच्या नावापुढचं आय चिन्ह दाबून तळाला "कॉन्फिगर प्रॉक्सी" "ऑफ" करा. ओपेरा मिनी वापरत असाल तर ब्राउझर बदला. डेटा वाचवायच्या कडक मोडमध्ये ते पान आपल्या सर्व्हरवर तयार करून फोनला पाठवतं, गेम तिथे चालत नाही.

एवढं करूनही काही इन्स्टॉल केलेले गेम लाँचर अडत असतील, तर विंडोजची आणखी एक प्रॉक्सी असते, ब्राउझरशी तिचा संबंध नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून "नेटश विनएचटीटीपी रिसेट प्रॉक्सी" ही आज्ञा द्या.

बंद केलेली प्रॉक्सी परत चालू होते

हे लक्षण वाईट. रीस्टार्टनंतर १२७.०.०.१ परत दिसला तर एखादा प्रोग्राम ती सेटिंग दर वेळी लिहितोय. क्रॅक केलेल्या गेमबरोबर असले प्रोग्राम येतात. टास्क मॅनेजरमधल्या "स्टार्टअप" यादीत अनोळखी नाव शोधा, "इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स" तारखेप्रमाणे लावून त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपासचं बघा, आणि विंडोज सिक्युरिटीमधून "ऑफलाइन स्कॅन" चालवा. ऑफलाइन स्कॅनमध्ये मशीन बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे चालू असताना लपणारा प्रोग्रामही सापडू शकतो. क्रोमच्या मेनूत "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" दिसत असेल आणि मशीन तुमचं घरचंच असेल, तर पत्त्याच्या पट्टीत "क्रोम://पॉलिसी" उघडा. तिथे प्रॉक्सीच्या नावाने काही दिसलं तर ते तुम्ही बसवलेलं नाही. ते काढल्यावर गेमचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

घड्याळ

जुन्या डेस्कटॉपमध्ये हे इतक्या वेळा सापडतं की वेगळं सांगायलाच हवं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. तो संपला की भिंतीवरचं बटण बंद केल्याबरोबर मशीन तारीख विसरतं. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे लाईट रात्रभर गेली की सकाळी संगणक कितीतरी वर्षं मागची तारीख दाखवत उठतो. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते, कित्येकांची ९० दिवसांचीच. तारीख चुकली की ब्राउझर ती सगळी अवैध ठरवतो.

सेटिंग्जमध्ये "टाइम अँड लँग्वेज" उघडून "सिंक नाऊ" दाबा. टाइमझोन यूटीसी अधिक ५:३० आहे ना बघा. रोज तोच प्रकार होत असेल तर मशीनची वायर काढून सेल बदला. मल्टिमीटर असेल तर मोजा: २.७ व्होल्टच्या खाली गेलेला सेल ठेवू नका. बसवताना अधिक खूण वर.

ब्राउझरमधली साफसफाई, आणि एक इशारा

"कॅशे आणि कुकीज साफ कर" हा सल्ला डोळे झाकून पाळू नका. कित्येक ब्राउझर गेम तुमची प्रगती सर्व्हरवर ठेवत नाहीत, तुमच्याच ब्राउझरच्या साठ्यात ठेवतात. साइट डेटा पुसला की महिन्यांची मेहनत गेली, आणि ती परत आणायला कुणाकडे जायची सोय नाही. लॉगिन न करता खेळायच्या गेममध्ये हा धोका जास्त. आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये "एक्स्पोर्ट सेव्ह" शोधा आणि निघालेला मजकूर फाइलमध्ये जपून ठेवा.

त्याआधी करायचे बिनधोक उपाय: कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून पान ताजं उतरवा. तेवढ्याने भागलं नाही तर एफ१२ दाबून "अ‍ॅप्लिकेशन" मध्ये "सर्व्हिस वर्कर्स" शोधा आणि "अनरजिस्टर" करा. गेमची नवी आवृत्ती आलेली असताना ब्राउझर जुनीच दाखवत राहतो, तो यामुळे. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. अ‍ॅडब्लॉकर आणि अँटिव्हायरसचं "वेब प्रोटेक्शन" यांच्यापासून सुरुवात करा.

गेम जोडला जातो पण काळी चौकट दिसते किंवा कासवासारखा हलतो, तेव्हा नेटला सोडा आणि ग्राफिक्सकडे बघा. "क्रोम://जीपीयू" उघडा. "वेबजीएल" समोर "हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड" असेल तर ठीक. "सॉफ्टवेअर ओन्ली" असेल तर सेटिंग्जमधल्या "सिस्टिम" विभागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू करा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताजा करा.

दुसऱ्या टॅबवर जाऊन आलं की डाव तुटलेला असतो? क्रोम मागच्या टॅबचे टाइमर मुद्दाम संथ करतो, आणि टॅब पाच मिनिटांहून जास्त झाकलेला राहिला तर काही टाइमर मिनिटाला एकदाच चालतात. "मी अजून आहे" हा गेमचा निरोप वेळेवर जात नाही आणि सर्व्हर तुम्हाला बाहेर काढतो. गेम वेगळ्या खिडकीत उघडा आणि ती खिडकी झाकू नका. सेटिंग्जच्या "परफॉर्मन्स" मध्ये "मेमरी सेव्हर" असतं, तिथे गेमची साइट कायम जागी ठेवायच्या यादीत टाका.

आणि गेम फ्लॅशचा असेल तर तो आता तसा चालणारच नाही. अ‍ॅडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला थांबवलं. रफल नावाच्या एम्युलेटरवर बरेच जुने गेम चालतात. "फ्लॅश प्लेयर इन्स्टॉल करा" असं सांगणारी कुठलीही साइट आज दिसली तर ती लगेच बंद करा, तिथे व्हायरसच मिळणार.

एफ१२ उघडून लाइन डोळ्यांनी बघा

नवखे इथे घाबरतात, पण याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. एफ१२ दाबा, "नेटवर्क" निवडा, वरच्या गाळणीत "डब्ल्यूएस" (नव्या क्रोममध्ये "सॉकेट") दाबा आणि पान रिफ्रेश करा. एक-दोन ओळी येतील. "स्टेटस" मध्ये १०१ असेल तर वेबसॉकेट जोडलं गेलं. "पेंडिंग" दाखवत ताटकळलं, किंवा लाल होऊन ४०३ किंवा ४०७ आला, तर मधल्या कुणीतरी अडवलं. ओळीवर क्लिक करून "मेसेजेस" उघडा: वर जाणारे बाण तुमचे, खाली येणारे सर्व्हरचे. नुसतेच वर जाणारे बाण येत राहिले आणि खालचे थांबले तर परतीची वाट बंद झाली आहे. शांत बसल्यावर बरोबर साठाव्या सेकंदाला लाइन पडत असेल तर ते वाय-फायचं काम नव्हे, मधल्या एखाद्या प्रॉक्सीचा टाइमआउट आहे. गेमच्या सर्व्हरपुढे बसवलेल्या एनजिनएक्ससारख्या प्रॉक्सीची मूळ मुदत ६० सेकंदांचीच असते. असा नेमका आकडा सापडला तर गेम चालवणाऱ्यांना आवर्जून कळवा, दुरुस्ती त्यांच्या हातात असते.

लोडिंगची पट्टी दर वेळी एकाच जागी अडत असेल तर गाळणी "ऑल" करून लाल ओळी बघा. मुख्य साइट उघडते, पण चित्रं आणि आवाज दुसऱ्या डोमेनवरून येतात आणि तेच कुठेतरी बंद असतं. त्या डोमेनचं नाव लिहून घ्या.

लाइन, लाईट आणि हद्द

घरच्या फायबरवर लॉगिनचं पान उघडतं पण लॉगिन फिरतच राहतं, तेव्हा एमटीयूचा (डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) संशय घ्या. पीपीपीओई जोडणीत (राउटरमध्ये केबलवाल्याने दिलेलं नाव-पासवर्ड टाकून चालते ती) पाकिटाचा आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट असतो, कारण ८ बाइट त्या पद्धतीलाच लागतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये "पिंग १.१.१.१ -एफ -एल १४६४" द्या. १४६४ आणि मथळ्याचे २८ मिळून १४९२. हे उत्तर आलं तर ठीक. "फ्रॅगमेंट" करण्याबद्दल तक्रार आली तर आकडा दहा-दहाने कमी करत चालणारा शोधा, त्यात २८ मिळवा आणि राउटरमध्ये एमटीयू तेवढा करा.

डीएनएसची शंका असेल तर राउटरमध्ये किंवा मशीनमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका, मग "आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस" चालवा.

राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला केबलवाल्याकडून मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुमच्या केबलवाल्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी दिला आहे. त्यातल्या कुणी गडबड केली तर गेमचा सर्व्हर सगळ्यांनाच ४२९ दाखवतो. सार्वजनिक स्थिर आयपी मागून घ्या, थोडे पैसे जास्त पडतात.

लाईटीचं: हेस्कॉमची लाईट क्षणभर लुकलुकली तरी राउटर रीस्टार्ट होतो आणि डाव गेला. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा (१२ असेल तर १२च), अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फायबरचा डबा आणि वाय-फाय राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही यूपीएस लागतो, एकाला देऊन उपयोग नाही. डब्यावर "एलओएस"चा लाल दिवा लागला तर फायबर तुटली आहे किंवा निघाली आहे. तिथे ब्राउझर तपासत बसू नका, केबलवाल्याला फोन करा.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांसाठी हद्दीचा प्रश्न खरा आहे. शिनोळीकडे, निपाणी-कागल रस्त्यावर किंवा कणकुंबीच्या पुढे फोन कधी कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. कॉल लागतो, मेसेज जातो, पण सर्कल बदलताना डेटाची उघडी लाइन अनेकदा तुटते. एकाच जागी बसून हे होत असेल तर "नेटवर्क ऑपरेटर्स" मध्ये "ऑटोमॅटिक" बंद करून रेंज जास्त असलेलं एक नेटवर्क हाताने निवडा. प्रवासाला निघताना ते परत ऑटोमॅटिक करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या गावात रेंजच मिळणार नाही.

सर्व्हर निवडताना नावावर जाऊ नका. बेळगावापासून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. लाइन कुठल्या मार्गाने जाते ते ठरवतं, म्हणून गेममध्ये दिसणारा पिंग बघूनच निवडा.

प्रॉक्सी लावून पिंग कमी होतो का?

जवळजवळ कधीच नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचा सर्व्हर ५०० किलोमीटरवर धरला तर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद, बाकी वेळ मधल्या उपकरणांचा. आता मध्ये फ्रँकफर्टची प्रॉक्सी घाला. मुंबई-फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, आणि एक फेरी पुरी व्हायला हे अंतर चार वेळा कापावं लागतं: २६,००० किलोमीटर, म्हणजे १३० मिलिसेकंद निव्वळ प्रवासातच. कुठलीही सेटिंग हे कमी करू शकत नाही.

फुकटच्या प्रॉक्सीत आणखी दोन धोके. एकाच आयपीवरून हजारो जण येतात म्हणून गेमचा सर्व्हर कॅप्चा दाखवतो किंवा खातंच बंद करतो. आणि प्रॉक्सीने "हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा" असं सांगितलं, तर ते बसवल्यावर तुमचा प्रत्येक पासवर्ड तिला वाचता येतो. असं सर्टिफिकेट कधीही बसवू नका.

पैसे लावून खेळायच्या रमी-पोकर साइट उघडत नसतील तर ब्राउझर तपासू नका. कर्नाटकाने ५ ऑक्टोबर २०२१ पासून अशा खेळांवर बंदी घातली होती, ती उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो सगळ्या देशासाठी आहे. "महाराष्ट्राची प्रॉक्सी लाव, चालतंय" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, हद्दीच्या दोन्ही बाजूंना नियम एकच आहे. अशा साइटवर प्रॉक्सीने पैसे भरले आणि अडकले तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

हॉस्टेल आणि ऑफिसमध्ये

तिथली प्रॉक्सी काढली तर नेटच बंद होतं, कारण थेट बाहेर जायची वाट बंद केलेली असते. आधी वाय-फायचं लॉगिन झालंय ना बघा. लॉगिनचं पान येत नसेल तर नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा, मग येतं. परवानगी असेल आणि तरीही गेम अडत असेल, तर एफ१२ मधून लिहून घेतलेलं डोमेन आणि "डब्ल्यूएस"च्या ओळीतला आकडा लॅबच्या अ‍ॅडमिनला द्या. "सर, गेम लागत नाही" यावर त्यांना काही करता येत नाही. "या डोमेनला ४४३ वर वेबसॉकेट अडतंय, ४०३ येतो" यावर ते दोन मिनिटांत निर्णय देऊ शकतात. परवानगी नाही म्हणाले तर विषय तिथे संपला. लपूनछपून बोगदे काढल्याने खातं बंद होतं आणि परीक्षेच्या काळात नेट मिळत नाही.

तक्रार करायची तर अशी

केबलवाल्याला किंवा गेमच्या सपोर्टला लिहिताना पाच गोष्टी द्या: बिघाडाची तारीख आणि वेळ (आयएसटी असं लिहून), एररचे नेमके शब्द, तुमचा सार्वजनिक आयपी, हॉटस्पॉटवर लागतो की नाही, आणि "ट्रेसआरटी" या आज्ञेपुढे गेमचं डोमेन टाकून आलेलं उत्तर. ट्रेसआरटीमध्ये मधल्या एखाद्या टप्प्यावर नुसते तारे दिसले तर घाबरू नका, बरीच उपकरणं मुद्दामच उत्तर देत नाहीत. पण एका टप्प्यानंतर आकडा उडी मारून शंभरावर गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, तर ती ओळ वेगळी दाखवा. सपोर्टला पाठवताना ही उत्तरं फोटोऐवजी मजकूर म्हणून चिकटवा, म्हणजे त्यांना त्यातले आयपी शोधता येतात. आयपी आणि लॉगिनचं नाव फक्त सपोर्टच्या तिकिटातच द्या, गेमच्या चॅटमध्ये नको.